नातवंडांसह थीम पार्क : मुक्काम किती दिवसांचा?

परीक्षा संपत आल्या की घराघरांत सहलीचे बेत सुरू होतात. पूर्वी या बेतांत मामाचे गाव, एखादे देवस्थान किंवा थंड हवेचे ठिकाण असे. आता नातवंडांच्या तोंडी प्रथम थीम पार्कचे नाव येते. आजी-आजोबांनाही ही जागा अगदीच अपरिचित नाही. १९८९ मध्ये मुंबईजवळच्या गोराईत एस्सेलवर्ल्ड सुरू झाले, तेव्हा ज्यांनी आपल्या मुलांना बोटीतून तेथे नेले, त्यांपैकी अनेक जण आज साठी-सत्तरी ओलांडून नातवंडांसह निघत आहेत. मात्र तेव्हाची सहल सकाळी निघून रात्री घरी परतणारी होती. आता उद्यानालगतचे हॉटेल, एकाहून अधिक उद्याने आणि अनेक दिवसांची तिकिटे यांमुळे ‘किती दिवस?’ हा प्रश्न उभा राहतो.

बहुतेक कुटुंबांत हा हिशेब राइडपासून सुरू होतो. अमुक इतक्या राइड आहेत, एका दिवसात तमुक होतील, म्हणजे इतके दिवस. दिवस वाढवले की दर दिवसाचे तिकीट स्वस्त पडते, हेही कोणीतरी दाखवून देते. हा हिशेब चुकीचा नसला, तरी अपुरा आहे. कारण त्यात तिशी-पस्तिशीतल्या आई-वडिलांचे पाय गृहीत धरलेले असतात. तीन पिढ्यांची सहल असेल, तेव्हा घरातील सर्वांत लहान आणि सर्वांत वयस्कर व्यक्तीला जे झेपेल, त्यावरून दिवस ठरवावेत.

थकवा दुसऱ्या दिवशी बोलतो

मोठ्या थीम पार्कमध्ये सकाळपासून रात्रीपर्यंत थांबल्यास आठ-दहा किलोमीटर चालणे सहज होते. घराजवळच्या बागेत रोज अर्धा तास फिरणाऱ्यांना आपल्याला चालण्याची सवय आहे असे वाटते; परंतु ते अंतर जेमतेम दोन किलोमीटरचे असते. शिवाय रांगेत उभे राहणे पुष्कळदा चालण्याहून कष्टाचे ठरते. चालताना पोटऱ्यांचे स्नायू आकुंचन पावून पायांतील रक्त हृदयाकडे ढकलतात. एकाच जागी उभे राहिल्यास हे काम मंदावते. पाय जड होतात, घोट्यांवर सूज येते आणि रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांना घेरीही येऊ शकते.

सवयीपलीकडच्या श्रमांमुळे स्नायूंत होणारी ठणक त्याच सायंकाळी पुरती जाणवत नाही. साधारणतः २४ ते ७२ तासांच्या दरम्यान ती सर्वाधिक असते. म्हणून पहिल्या रात्री आजोबा ‘मी अगदी ठीक आहे’ असे सांगतात, ते खोटे नसते. दुसऱ्या दिवशी सकाळी पायऱ्या उतरताना मांड्या बोलू लागतात. नेमक्या अशा वेळी पुन्हा दिवसभराची धावपळ सुरू झाली, तर तोल जाऊन पडण्याचा धोका वाढतो. उतारवयात पडण्यातून खुब्याचे हाड मोडले, तर पुढचे कित्येक महिने त्यात जातात. त्यामुळे सलग दुसरा दिवस ठेवताना फार विचार करावा.

मुलांचेही शरीर आपला हिशेब मांडत असते. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना दुपारच्या डुलकीसह १० ते १३ तास, तर सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप आवश्यक असते. दुपारची झोप बुडाली की चार-साडेचारच्या सुमारास जी रडारड सुरू होते, तिला आपण हट्ट म्हणतो. बहुतेक वेळा तो निव्वळ थकवा असतो. म्हणजे आजी आणि धाकटा नातू हे दोघेही साधारण एकाच वेळी, भर दुपारी, थकतात. या योगायोगाचा लाभ घ्यावा. पूर्ण दिवसाऐवजी ‘सकाळ’ आणि ‘संध्याकाळ’ असे दोन अर्धे दिवस मोजावेत आणि मधली दुपार जेवण व विश्रांतीसाठी राखून ठेवावी. असे मोजले की किती दिवस लागतील, याचे उत्तर अधिक खरे येते.

इमॅजिका : एक दिवस की दोन?

महाराष्ट्रातील कुटुंबांसाठी सर्वांत ओळखीचे उदाहरण म्हणजे रायगड जिल्ह्यात खोपोलीजवळ २०१३ साली सुरू झालेले इमॅजिका. मुंबईहून किंवा पुण्याहून द्रुतगती मार्गाने साधारणतः दोन तासांत तेथे पोहोचता येते. २०१४ मध्ये शेजारीच जलोद्यान सुरू झाले. त्याचे तिकीट वेगळे असते.

केवळ थीम पार्क पाहायचे असेल, तर एक दिवस पुरतो. कारण सोपे आहे. ‘नायट्रो’सारखा उलटेपालटे फिरवणारा रोलर कोस्टर ज्येष्ठांसाठी नाही, आणि उंचीच्या अटीमुळे लहानग्यांसाठीही नाही. हृदयविकार, मणक्याचे दुखणे, अलीकडची शस्त्रक्रिया, अस्थिठिसूळता किंवा चक्कर येण्याचा त्रास असलेल्यांनी वेगवान व हिसके देणाऱ्या राइड पूर्णपणे टाळाव्यात. प्रत्येक राइडच्या प्रवेशद्वाराशी लावलेली सूचना वाचावी. या राइड वगळल्या की आजी-नातवंडांनी मिळून करावयाच्या गोष्टींची यादी लहान होते. भारतावरून उड्डाण केल्याचा भास देणारी ‘आय फॉर इंडिया’, लहान मुलांचे फिरते घोडे, बसून पाहण्याचे खेळ हे सारे घाई न करताही एका दिवसात होते. मुंबई-पुण्याच्या कुटुंबांनी शक्य असल्यास आदल्या रात्री नीट झोप घेऊन सकाळी निघावे. नागपूर, कोल्हापूर किंवा नाशिककडून येणाऱ्यांनी मात्र प्रवासाचा दिवस आणि उद्यानाचा दिवस एकच ठेवू नये. आदल्या दिवशी मुक्कामाला पोहोचावे.

जलोद्यानही पाहायचे असेल, तर एक रात्र मुक्काम करून दोन दिवस ठेवावेत. दोन्ही उद्याने एकाच दिवसात उरकण्याचा प्रयत्न पैसे वाचवणारा वाटला, तरी सर्वांना दमवणारा असतो. दुसऱ्या दिवशी ज्येष्ठांनी सर्वांसोबत असलेच पाहिजे, असेही नाही. जलोद्यानातील ओल्या, निसरड्या फरशीवरून चालण्यापेक्षा आजी-आजोबांनी सकाळी आरामात जवळच्या महडच्या वरदविनायकाचे किंवा पालीच्या बल्लाळेश्वराचे दर्शन घेऊन यावे आणि दुपारी सर्वांनी एकत्र जेवावे. तिसरा दिवस राखायचा असेल, तर तो घरी परतल्यानंतरच्या विश्रांतीसाठी राखावा.

ऋतूचाही विचार हवा. एप्रिल-मे महिन्यांतील दमट उष्मा वृद्ध व लहान मुले दोघांनाही सोसत नाही. जून ते सप्टेंबर रायगडात धुवाधार पाऊस असतो. म्हणून मे महिन्याच्या सुटीपेक्षा दिवाळीची किंवा नाताळची सुटी अधिक सुसह्य ठरते. उन्हाळ्यातच जाणे भाग असेल, तर सकाळ-संध्याकाळचा नियम अधिक कसोशीने पाळावा.

ऑर्लँडो : चार उद्याने, पण किती दिवस?

मुला-मुलीकडे अमेरिकेस जाणाऱ्या आजी-आजोबांपुढे हाच प्रश्न फार मोठ्या आकारात येतो. फ्लोरिडातील ऑर्लँडोजवळच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये चार स्वतंत्र थीम पार्क आहेत : १९७१ मध्ये उघडलेले मॅजिक किंगडम, १९८२ चे एपकॉट, १९८९ चे हॉलिवूड स्टुडिओज आणि १९९८ चे ॲनिमल किंगडम. त्यामुळे ‘चार उद्याने म्हणजे चार दिवस’ हे समीकरण आपोआप मांडले जाते. तीन पिढ्यांच्या कुटुंबाने ते जसेच्या तसे स्वीकारू नये.

एपकॉटमध्ये एका तळ्याभोवती अकरा देशांची दालने आहेत. तेवढी एक प्रदक्षिणाच सुमारे दोन किलोमीटरची होते. ॲनिमल किंगडममधील सफारीचे वाहन खडबडीत रस्त्यावरून हिसके देत जाते. पाठीचे किंवा मानेचे दुखणे असलेल्यांनी त्याचा विचार आधी करावा. मुले सात-आठ वर्षांच्या आतील असतील, तर मॅजिक किंगडमला पहिला मान द्यावा, कारण तेथे संथ बोटीची सफर, उद्यानाभोवती फिरणारी आगगाडी अशा आजी-नातवंडांनी शेजारी बसून अनुभवाव्यात अशा गोष्टी पुष्कळ आहेत. हव्या असल्यास मॅजिक किंगडमला दोन वेगवेगळ्या सकाळी द्याव्यात आणि एखादे उद्यान सोडून द्यावे. सोडलेल्या उद्यानाची खंत मोठ्यांनाच अधिक असते. लहान मुलाला आवडत्या राइडमध्ये दुसऱ्यांदा बसण्याचा आनंद नव्या दहा राइडपेक्षा मोठा असतो.

ज्येष्ठ सोबत असताना दोन दिवस उद्यान, मग एक पूर्ण विश्रांतीचा दिवस, नंतर पुन्हा एक किंवा दोन दिवस अशी मांडणी प्रकृतीस मानवते. अनेक दिवसांची तिकिटे सहसा सलग दिवशीच वापरावी लागत नाहीत, त्यांना थोडी अधिक मुदत असते. त्यामुळे मधल्या विश्रांतीने पैसे वाया जात नाहीत. खरेदीपूर्वी ही मुदत जरूर तपासावी. उद्यानांत व्हीलचेअर भाड्याने मिळते. घरी काठीशिवाय चालणाऱ्यांनीही ती घेण्यात कमीपणा मानू नये. ती घेतली, तर सायंकाळच्या रोषणाईपर्यंत अंगात त्राण उरते.

भारतातून गेलेल्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ऑर्लँडोची वेळ भारतापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे असते. झोपेचे चक्र रुळण्यास कित्येक दिवस लागतात. म्हणून अमेरिकेत पोहोचल्यानंतर किमान एक आठवडा मुलांच्या घरी राहून मगच ही सहल आखावी. तेथील वैद्यकीय खर्च पाहता प्रवासी आरोग्यविम्याशिवाय बाहेर पडूच नये.

औषधे, पाणी आणि पाय

वाढत्या वयात तहानेची जाणीव मंदावते. तहान लागण्याची वाट न पाहता ठरावीक वेळाने थोडे थोडे पाणी प्यावे. लघवीचे प्रमाण वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी, तसेच हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्यावर मर्यादा असलेल्यांनी निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. स्वच्छतागृहाच्या रांगेच्या भीतीने पाणी कमी पिण्याची सवय अनेक भगिनींना असते; सहलीत तरी ती सोडावी.

मधुमेहींनी अधिक जपावे. नेहमीपेक्षा खूप जास्त चालणे झाल्यास, विशेषतः इन्सुलिन किंवा काही प्रकारच्या गोळ्या चालू असल्यास, रक्तातील साखर अचानक खाली येऊ शकते. काही वेळा ती रात्रीही उतरते. घाम, थरथर, गोंधळलेपणा जाणवताच सुमारे १५ ग्रॅम, म्हणजे तीन चमचे, साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून घ्यावे आणि १५ मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी. इन्सुलिन उभ्या गाडीत ठेवू नये, तसेच ते बर्फाला थेट चिकटवूनही ठेवू नये. नवे बूट सहलीसाठी राखून ठेवू नयेत. जुने, पायात रुळलेलेच घालावेत. पायांची संवेदना कमी झालेल्या मधुमेहींना फोड आल्याचे कळत नाही, म्हणून रोज रात्री तळपाय उजेडात पाहावेत.

न बोललेला थकवा

या साऱ्या नियोजनात एक गोष्ट सर्वांत अवघड आहे. ‘आमच्यामुळे पोरांचा विरस नको’ म्हणून आजी-आजोबा दमल्याचे सांगत नाहीत. ‘त्यांना एकटे बसवून आपण कसे जायचे?’ म्हणून सून किंवा मुलगी राइडमध्ये बसत नाही. दोघेही परस्परांसाठी गप्प राहतात आणि संध्याकाळी सगळेच कुरकुरत परततात. म्हणून निघण्यापूर्वीच, घरी चहाच्या वेळी, हे बोलून घ्यावे. ‘दुपारी एकनंतर मी खोलीवर परतणार’ असे आजींनी आधीच सांगितले, तर त्यात कोणाचाही विरस होत नाही. सावलीतले एक बाक ठरवून ठेवावे. कोणी, किती वाजता तेथे भेटायचे हे पक्के करावे. पिशव्या, पाण्याच्या बाटल्या आणि राइडमध्ये बसण्याइतके मोठे न झालेले नातवंड सांभाळणारे आजोबा त्या बाकावर बसले, तरी सहलीत त्यांचा वाटा कमी नसतो.

घरात स्मृतिभ्रंशाची व्यक्ती असेल, तर प्रश्न अधिक नाजूक होतो. गोंगाट, चमकते दिवे आणि अनोळखी गर्दी यांनी अशा व्यक्तीचा गोंधळ वाढतो; सायंकाळी तो अधिकच होतो. त्यांना न्यायचेच असेल, तर सकाळचे दोन-तीन तास पुरे. केवळ त्यांच्यासोबत राहील अशी एक व्यक्ती ठरवावी आणि नाव व दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी त्यांच्या खिशात ठेवावी. अन्यथा विश्वासू नातेवाइकांकडे त्यांची सोय करून एका दिवसाची सहल करणे, यात अपराधी वाटण्यासारखे काही नाही. वर्षभर सेवा करणाऱ्यालाही एक मोकळा दिवस हवाच असतो.

शेवटी एक सोपी चाचणी सुचवावीशी वाटते. सहलीच्या तीन-चार आठवडे आधी चालण्याचा सराव हळूहळू वाढवावा. अशा सरावाने नंतरची ठणकही कमी होते. मग एका रविवारी सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास, नातवंडांसह, बाजारातून किंवा बागेतून फिरावे. सोमवारी आणि मंगळवारी सकाळी उठताना कसे वाटते, ते पाहावे. दोन्ही दिवस पाय हलके असतील, तर दोन दिवसांचे तिकीट काढण्यास हरकत नाही. पाय जड असतील, तर एकच दिवस काढावा आणि तो निवांत, पोटभर उपभोगावा.