अवरक्त प्रकाश-डायोडातील नीच-कंप्रता गोंगाट
अवरक्त प्रकाश-डायोडातील नीच-कंप्रता गोंगाट : अवरक्त प्रारणाचे (तांबड्या रंगापलीकडील अदृश्य प्रारणाचे) विद्युत् प्रवाहात रूपांतर करणाऱ्या अर्धसंवाहक डायोडाच्या प्रवाहात सावकाश होणाऱ्या अनियमित चढउतारांना ही संज्ञा देतात. या चढउतारांची शक्ती स्थूलमानाने कंप्रतेच्या (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांच्या संख्येच्या) व्यस्त प्रमाणात असते. त्यामुळे ०·१ ते १ आणि १ ते १० हर्ट्‌झ या दोन्ही पट्ट्यांत ती जवळजवळ सारखीच भरते. या प्रकारचा गोंगाट जे. बी. जॉन्सन यांना १९२५ मध्ये निर्वात नलिकांत आढळला होता.

विद्युत् भार सुट्या कणांच्या रूपाने वाहत असल्यामुळे उद्‌भवणारा गोंगाट या कंप्रतांना सारखाच असतो. मापनकाल शंभरपट केल्यास त्याने येणारी त्रुटी एक दशांश होते. नीच-कंप्रता गोंगाटाला हा उपाय लागू पडत नाही. मापन लांबते तसतसे अधिक सावकाश चढउतार त्यात शिरतात. परिणामी अंधुक ताऱ्याचे सलग मापन कितीही वेळ केले, तरी ते एका मर्यादेपलीकडे सुधारत नाही.

डायोडाच्या पृष्ठभागावरील दोषस्थानी भारवाहक अडकतात व निरनिराळ्या कालावधींनंतर सुटतात, हे या गोंगाटाचे एक प्रमुख कारण मानतात. मर्क्युरी-कॅडमियम टेल्यूराइड डायोडांवरील एस. पी. टोबिन व सहकाऱ्यांच्या प्रयोगांत (१९८०) तो पृष्ठभागावरील गळती प्रवाहाच्या प्रमाणात आढळला. प्रकाशजन्य प्रवाहावर तो अवलंबून नव्हता. म्हणून पृष्ठभागावर संरक्षक थर देतात, डायोड थंड राखतात व त्यावरील व्यस्त विद्युत् दाब अल्प ठेवतात. उरलेला गोंगाट टाळण्यासाठी फिरत्या खाचदार चकतीने प्रारण ठराविक गतीने खंडित करून संकेत उच्च कंप्रतेस नेतात.

खगोलीय निरीक्षणांत आकाशाच्या पार्श्वभूमीची भर पडते. कोकणातील पेण, रोहे यांसारख्या सखल भागांतील दमट हवा अवरक्त प्रारण शोषते व स्वतःही उत्सर्जित करते; म्हणून वेधशाळेसाठी उंच, कोरडी जागा निवडतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा टिरकॅम-२ हा कॅमेरा २०१६ मध्ये उत्तराखंडातील देवस्थळ येथील ३·६ मी. व्यासाच्या दूरदर्शकावर बसविण्यात आला. त्यातील इंडियम अँटिमोनाइड डायोडांची ५१२ × ५१२ घटकांची जालिका ३५ केल्व्हिन (सु. −२३८° से.) तापमानास ठेवतात. दूरदर्शक किंचित सरकवीत अल्पकालीन चित्रे घेऊन पार्श्वभूमी वजा करतात. त्यामुळे तिच्यातील व डायोडांतील सावकाश बदल बव्हंशी निघून जातात.