मंद्रातून वर येताना

बास क्लॅरिओनेट वाजवणारा माणूस साध्या क्लॅरिओनेटकडे वळतो तेव्हा त्याला एक सवलत मिळते, आणि तीच त्याला फसवते. बोटांची मांडणी जवळपास तीच असते. स्वरलिपीही बहुधा ओळखीची असते; कागदावरचा तोच स्वर बासवर एक सप्तक खाली उमटतो, एवढेच. त्यामुळे हे मोठ्या भावाकडून धाकट्याकडे येणे आहे, चार दिवसांच्या रियाजाचे काम आहे, असा समज होतो. माझे म्हणणे याच्या उलट आहे. बोटांना स्वर कुठे आहेत ते ठाऊक असते, पण भोके कशी झाकायची, स्वर किती श्वासाने उभे करायचे आणि ताफ्यात कुणाच्या जागी बसून वाजवायचे, हे सगळे बदललेले असते. म्हणून हे नवे वाद्य शिकणे आहे, आणि ते तसेच मानावे.

नगर जिल्ह्यात सिंफनी ऑर्केस्ट्रा नाही, मग ही चर्चा इथे कशाला, असे कुणी विचारील. पण नगर हे लष्कराचे गाव आहे. चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र इथे 1948 पासून आहे आणि 1979 मध्ये उभ्या राहिलेल्या मेकॅनाइज्ड इन्फन्ट्री रेजिमेंटचे केंद्रही इथेच आहे. लष्करी वादक पचमढीच्या संगीत विभागात शिकतात. मिलिटरी बँडात व्हायोलिन नसते. ऑर्केस्ट्रात व्हायोलिनच्या रांगा जे काम करतात, ते इथे क्लॅरिओनेटच्या रांगेवर येऊन पडते. लग्नसराईतल्या बँडाचेही तेच. गाण्याची चाल क्लॅरिओनेट आणि ट्रम्पेट उचलतात, तर बास क्लॅरिओनेट जे खालचे अंग सांभाळते, ते तिथे युफोनियम आणि जाड आवाजाची पितळी वाद्ये सांभाळतात. तेव्हा मंद्रातून वर येणारा वादक तळातून उठून थेट चालीच्या जागी येतो.

आपल्या सनईच्या बैठकीत हा फरक फार पूर्वीपासून ओळखलेला आहे. एक जण नुसता सूर धरतो, दुसरा राग मांडतो. सूर धरणाऱ्याचे काम हलके नाही. त्याचा श्वास तुटला तर मांडणाऱ्याचा आधार जातो. पण त्याला चाल वळवावी लागत नाही. बास वादकही असाच असतो. लांब स्वर, रुंद श्वास, इतरांच्या खाली राहण्याची सवय ही त्याची कमाई. सोलापूरकडची सुंद्री घ्या. ती सनईच्याच घरातली, आकाराने लहान. पण सनईवाल्याला सुंद्री आपोआप वाजवता येते, असे त्या क्षेत्रात कुणी मानत नाही.

खरी अडचण बोटांच्या टोकांशी आहे. बासची भोके मोठी आणि एकमेकांपासून दूर, म्हणून ती झाकणांनी बंद होतात. बोट जरा तिरके पडले तरी झाकण आपले काम करते. साध्या क्लॅरिओनेटवर, डाव्या अंगठ्याचे धरून, सात भोकांवर बोटांचे मांस स्वतः बसवावे लागते. केसाएवढी फट राहिली की स्वर किंचाळतो. पाश्चात्त्य स्वरनामांतल्या ‘ला’वरून ‘सी’वर जाताना हे सर्वांत उघडे पडते: मोकळ्या नळीवरून एकदम सगळी भोके झाकावी लागतात. मात्र याच कष्टात आपल्या संगीताचा लाभ दडलेला आहे. बोट भोकावरून हळूच सरकवले तर मींड निघते. झाकणाने ती तशी निघत नाही. भारतीय बँडवाल्यांनी जुन्या आल्बर्ट पद्धतीची क्लॅरिओनेटे सोडली नाहीत, याचे एक कारण मला हेच वाटते. तिरुचिरापल्लीच्या ए. के. सी. नटराजन यांनी हे वाद्य कर्नाटक संगीतात रुजवले, तेही गमकांचा आग्रह सांभाळूनच.

श्वासाचे गणितही उलटे आहे. बासला भरपूर आणि संथ हवा लागते, ओठ सैल चालतात, वाकड्या मानेमुळे माउथपीस तोंडात जवळपास आडवा शिरतो. क्लॅरिओनेटचा माउथपीस खाली झुकलेला, रीड अरुंद, हवा थोडी पण वेगाची. बासची सैल पकड इथे आणली की सूर उतरतो आणि वरच्या पट्टीत बसका वाटतो. त्यात नगरची हवा. हवेतला आवाजाचा वेग प्रत्येक अंश सेल्सिअसला सेकंदाला सुमारे 0.6 मीटरने वाढतो. 10 अंश आणि 40 अंश यांतला फरक कागदावर जवळपास अर्ध्या सुराचा होतो. वादकाचा ऊबदार श्वास तो बराच कमी करतो, पण पुसून टाकत नाही. पहाटेच्या थंडीतली परेड आणि मे महिन्यातली वरात यांसाठी नळीचा सांधा वेगवेगळा ओढावा लागतो.

बासवाल्याचा श्वास खोल असतो, मग तो वरचढच ठरेल, हा आक्षेप अर्धा खरा आहे. क्लॅरिओनेटच्या खालच्या सप्तकात त्याचा स्वर पहिल्या दिवसापासून भरदार लागतो, अनेक जुन्या क्लॅरिओनेटवाल्यांपेक्षाही. म्हणून सुरुवात तिथूनच करावी, आणि रोज थोडे वर सरकावे. ‘ला’ आणि ‘सी’ची ती उडी मात्र आरशासमोर, अगदी विलंबित लयीत करावी. तिथे कान उशिरा सांगतो. कुठले बोट उशिरा बसले, ते डोळ्यांना आधी दिसते.