पावसाळ्यात लवकर वाळणारा टॉवेल कसा निवडावा? घरातला नायटा रोखण्यासाठी उपयुक्त माहिती

अहिल्यानगर जिल्ह्यात पाऊस सगळीकडे सारखा पडत नाही. कर्जत-जामखेडकडे पावसाळ्यातही ऊन मिळते आणि टॉवेल दुपारपर्यंत कडकडीत वाळतो. अकोले तालुक्यातल्या भंडारदरा, रतनवाडी, घाटघर परिसरात मात्र जुलै-ऑगस्टमध्ये कित्येक दिवस ऊनच दिसत नाही. घाटघरला तर नगरची चेरापुंजी म्हणतात. भिंतींना ओल येते, दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस दमट राहतात आणि त्यांना कुबट वास येऊ लागतो.

याच दिवसांत जांघेत, कमरेवर, काखेत खाज सुटल्याची तक्रार घेऊन रुग्ण येतात. अनेकदा एकाच घरातल्या तिघा-चौघांना एकामागून एक त्रास सुरू झालेला असतो. अशा घरात औषधाइतकेच लक्ष टॉवेलकडेही द्यावे लागते.

टॉवेलचा आणि नायट्याचा संबंध काय?

नायटा म्हणजेच गजकर्ण हा बुरशीमुळे होतो. त्वचेवर गोल चट्टा उठतो, त्याची कड लालसर आणि खवलेदार असते, मधला भाग त्यामानाने स्वच्छ दिसतो. नायटा झालेल्या माणसाने अंग पुसले की त्वचेचे बारीक कण टॉवेलला चिकटतात. या कणांमध्ये बुरशी बराच काळ जिवंत राहू शकते. तोच टॉवेल दुसऱ्याने वापरला की ती त्याच्या त्वचेवर पोहोचते.

टॉवेल दमट असेल तर आणखी एक अडचण होते. त्याने पुसूनही जांघ, काख, बोटांमधल्या बेचक्या ओलसरच राहतात. अशा ओलसर जागी बुरशी सहज वाढते. म्हणून दोन नियम लक्षात ठेवा: प्रत्येकाचा टॉवेल वेगळा, आणि पुन्हा वापरण्याआधी तो पूर्ण वाळलेला.

कोणता टॉवेल घ्यावा?

पावसाळ्यासाठी साधा सुती पंचा सर्वात सोयीचा. तो पातळ असतो, कमी पाणी धरतो, सहज पिळता येतो आणि गरम पाण्यात धुता येतो. एका जाड टॉवेलच्या खर्चात बहुधा दोन-तीन पंचे येतात. म्हणजे एक वाळत असताना दुसरा वापरता येतो.

टेरी टॉवेल, म्हणजे सोलापुरी टॉवेलसारखा फासे असलेला, घ्यायचा असेल तर लेबलवर जीएसएम पाहा. एक चौरस मीटर कापडाचे वजन किती ग्रॅम, हे तो आकडा सांगतो. ७५ बाय १५० सेंटिमीटरचा ४०० जीएसएमचा टॉवेल साधारण ४५० ग्रॅम भरतो, तर ६०० जीएसएमचा ६७५ ग्रॅम. जाड टॉवेल हाताला मऊ लागतो, पण त्यात पाणी जास्त मुरते आणि दमट हवेत ते लवकर निघत नाही. पावसाळ्यासाठी ३०० ते ४०० जीएसएम पुरे. लेबल नसेल तर त्याच आकाराच्या दोन टॉवेलांपैकी हलका घ्या.

मायक्रोफायबरचा टॉवेल लवकर वाळतो. पण तो फार गरम पाण्यात धुता येईलच असे नाही, त्यामुळे घेण्यापूर्वी लेबलवरची सूचना वाचा.

ओलसर घरात टॉवेल कसा वाळवावा?

- खिळ्याला किंवा दारामागे गोळा करून अडकवू नका. घडी न घालता पूर्ण पसरा.
- शक्य असल्यास दोन समांतर दोऱ्यांवर टाका, म्हणजे दोन पदरांमधून हवा खेळते.
- न्हाणीघरात किंवा ओल्या भिंतीला टेकवून ठेवू नका. पंख्याखाली वाळवा.
- चुलीच्या उबेत वाळवत असाल तर जाळापासून सुरक्षित अंतर ठेवा.
- टॉवेल गालाला लावून पाहा. गार लागला तर तो अजून दमट आहे. जवळजवळ वाळलेल्या सुती टॉवेलवर दोन्ही बाजूंनी इस्त्री फिरवा.
- फॅब्रिक कंडिशनर टाळा. त्याने टॉवेलची पाणी टिपण्याची क्षमता कमी होते.

घरात कुणाला नायटा असेल तर

त्या व्यक्तीचे टॉवेल, अंतर्वस्त्रे आणि चादर इतर कपड्यांपासून वेगळी ठेवा. सुती कपडे सुमारे ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात साबण घालून अर्धा तास भिजवा. उकळत्या पाण्यात जवळजवळ तितकेच साधे पाणी मिसळले की साधारण एवढे तापमान मिळते. या पाण्यात हात घालू नका, काठीने ढवळा आणि लहान मुलांना दूर ठेवा. ऊन पडेल त्या दिवशी कपडे उलटे करून उन्हात टाका.

मात्र टॉवेल बदलून झालेला नायटा बरा होत नाही. त्यासाठी औषधच लागते, आणि घरात ज्यांना ज्यांना चट्टे आहेत त्या सर्वांवर एकाच वेळी उपचार करावे लागतात. एकालाच औषध दिले तर दुसऱ्याकडून त्याला पुन्हा लागण होते.

दुकानातून मलम आणण्यापूर्वी

खाज लगेच थांबवणाऱ्या अनेक मलमांमध्ये क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोनसारखे स्टिरॉइड असते. चार दिवस बरे वाटते, पण बुरशी आत वाढतच राहते. चट्टे पसरतात, ओळखू येईनासे होतात आणि जांघेतली त्वचा पातळ होऊन तिच्यावर कायमचे व्रण उमटू शकतात. शिवाय आपल्या देशात आता नेहमीच्या गोळ्यांनाही दाद न देणारी बुरशी आढळते. तिला २०२० मध्ये ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’ असे नाव मिळाले. त्यामुळे स्वतःच्या मनाने औषध घेणे किंवा खाज थांबली म्हणून मध्येच सोडणे महागात पडते. उपचार अनेक आठवडे चालतात. ते कधी थांबवायचे हे डॉक्टरांना ठरवू द्या.

डॉक्टरांकडे लगेच केव्हा जावे?

- मधुमेह असेल किंवा स्त्री गरोदर असेल
- लहान बाळाला किंवा डोक्याच्या त्वचेवर चट्टा उठला असेल
- चट्ट्यातून पू किंवा पाणी येत असेल, ताप असेल
- आधी स्टिरॉइडचे मलम लावले असेल. त्याची ट्यूब सोबत न्या
- घरात एकापेक्षा जास्त जणांना खाज असेल

आश्रमशाळेत किंवा वसतिगृहात राहणाऱ्या मुलांसोबत दोन पंचे द्या, त्यांवर नाव घाला आणि ते कुणाला वापरायला न देण्याची सवय लावा. मूल सुट्टीत घरी आले की त्याची कंबर आणि जांघ एकदा पाहून घ्या. अनेक मुले लाजेने सांगत नाहीत. चट्टा लहान असतानाच उपचार सुरू झाले तर तो लवकर आटोक्यात येतो.