बारा सेकंदांची ज्योत आणि घरातली धूळ

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १९७५ साली घरगुती फर्निचरसाठी ‘टेक्निकल बुलेटिन ११७’ नावाची कसोटी लागू केली आणि सोफ्यातील फोमला लहानशी उघडी ज्योत बारा सेकंद लावली तरी तो पेट घेता कामा नये, अशी अट घातली. हेतू चांगला होता. परंतु पॉलियुरेथेनचा फोम हा खनिज तेलातून बनलेला, मुळातच भडकणारा पदार्थ असल्याने त्यात अग्निरोधक रसायन मिसळणे हाच उत्पादकांना सोपा मार्ग वाटला. एका राज्यापुरता वेगळा सोफा बनवणे परवडणारे नव्हते, त्यामुळे असा फोम कॅलिफोर्नियाबाहेरही सर्रास विकला गेला.

या रसायनांपैकी सर्वाधिक गाजलेला गट पॉलिब्रोमिनेटेड डायफेनिल इथर, म्हणजेच पीबीडीई, हा होय. फोमच्या वजनाच्या पाच टक्क्यांच्या आसपास मिसळले जाणारे हे द्रव्य फोमशी रासायनिक बंधाने जोडले जात नाही, ते त्यात नुसते सामावलेले असते. चिवड्यातले मीठ जसे हळूहळू डब्याच्या तळाशी उतरते, तसे तेही वर्षानुवर्षे फोममधून सुटत राहते आणि धूळकणांना चिकटून जमिनीवर, गालिच्यावर, खिडकीच्या कठड्यावर जमते. घराबाहेर पडलेल्या रसायनाचे ऊन, पाऊस व जिवाणू यांच्यामुळे थोडेफार विघटन तरी होते. बंद खोलीतील धुळीला ती सोय नाही. मॅसॅच्युसेट्समधील सायलेंट स्प्रिंग इन्स्टिट्यूटने केप कॉड भागातील १२० घरे तपासून २००३ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत शोध घेतलेल्या ८९ रसायनांपैकी ६६ धुळीत सापडली आणि त्यांत १९७२ सालीच बंदी आलेले डीडीटीही होते.

अशा रसायनांना अंतःस्रावी व्यत्ययकारके म्हणतात, कारण शरीरातील ग्रंथी रक्तात सोडत असलेल्या संप्रेरकांच्या, म्हणजे हॉर्मोन्सच्या, कामात ती ढवळाढवळ करतात. पीबीडीईच्या बाबतीत हे रचनेवरूनच कळते. गळ्यातील थायरॉइड ग्रंथी जे थायरॉक्सिन तयार करते, त्याच्या रेणूत दोन कडी ऑक्सिजनच्या एका अणूने सांधलेली असून त्यांवर आयोडिनचे चार अणू बसलेले असतात; पीबीडीईतही तशीच दोन कडी, तोच ऑक्सिजनचा सांधा आणि आयोडिनच्या जागी त्याच्याच कुळातील ब्रोमिन असते. यकृतात थोडा बदल होऊन बाहेर पडलेला हा तोतया रक्तातील थायरॉक्सिनवाहक प्रथिनावर जागा पटकावू शकतो. गर्भाची स्वतःची ग्रंथी कामाला लागेपर्यंत त्याचा मेंदू आईच्याच थायरॉक्सिनवर अवलंबून असतो, ही गोष्ट लक्षात घेता प्रश्न किती नाजूक आहे हे कळते. कॅलिफोर्नियातीलच सॅलिनास खोऱ्यात शेतमजूर कुटुंबांवर झालेल्या दीर्घ अभ्यासात गर्भावस्थेत ज्यांचा पीबीडीईशी अधिक संपर्क आला, अशा मुलांमध्ये पाचव्या ते सातव्या वर्षी एकाग्रता, हातांचे बारीक कौशल्य आणि बुद्ध्यंक कमी आढळला.

धोक्याची पहिली ठळक खूण मात्र स्वीडनमध्ये दिसली. तेथे जपून ठेवलेल्या मातेच्या दुधाच्या नमुन्यांत १९७२ ते १९९७ या काळात पीबीडीईचे प्रमाण दर पाच वर्षांनी दुप्पट होत गेल्याचे आढळले. पुढे मोजणी झाली तेव्हा अमेरिकनांच्या शरीरातील पातळी युरोपीयांच्या दसपटीच्या घरात निघाली. आहारात एवढा फरक नव्हता, सोफ्यात होता. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेतील संशोधकांनी २००७ साली पाळीव मांजरांचे रक्त तपासले, तेव्हा त्यांच्यातील प्रमाण तेथील प्रौढ माणसांच्या वीस ते शंभरपट निघाले. मांजर दिवसभर अंग चाटते आणि फरवर बसलेली धूळ गिळते, याचाच हा परिणाम. म्हाताऱ्या मांजरांतील थायरॉइडच्या अतिकार्याचे मूळ त्यातच आहे, असे एवढ्यावरून सिद्ध होत नाही, पण जमिनीवर रांगणारे आणि हात तोंडात घालणारे मूल या बाबतीत मांजराच्या फार जवळचे आहे.

पीबीडीईचा अमेरिकेतील फर्निचरमधला वापर २००४ अखेरीस थांबला; त्याची जागा घेणाऱ्यांत क्लोरिनयुक्त ट्रिस हे रसायन होते आणि आर्लीन ब्लम व ब्रूस एम्स यांच्या संशोधनानंतर ते १९७० च्या दशकातच मुलांच्या रात्रीच्या कपड्यांतून हद्दपार झालेले होते. कपड्यांत नको असलेले रसायन बाळाच्या गादीत चालते, हा अजब न्याय म्हटला पाहिजे. २०११ साली ड्यूक विद्यापीठाच्या हेदर स्टेपल्टन यांनी बाळांच्या वस्तूंतील फोमचे १०१ नमुने तपासले, तेव्हा त्यांतील ८० नमुन्यांत अग्निरोधके होती. आग लागते तेव्हा आधी पेटते ते वरचे कापड, आणि त्या ज्वाळेपुढे आतल्या रसायनाचा फारसा टिकाव लागत नाही, हे अखेर मान्य होऊन कॅलिफोर्नियाने उघड्या ज्योतीऐवजी धुमसत्या सिगारेटची, रसायनांशिवायही पार करता येणारी कसोटी आणली आणि २०१५ पासून ती सक्तीची केली.

भारताने २०१८ च्या नियमांनी पीबीडीईच्या काही प्रकारांवर बंदी घातली आहे, तरी जुन्या वस्तू घरातच असतात. दिवाळीच्या साफसफाईत कोरड्या केरसुणीने उडवलेली धूळ पुन्हा तिथेच बसते, म्हणून ओल्या फडक्याने लादी पुसावी, फाटून भुगा पडू लागलेला फोम मुलांच्या खेळात येऊ देऊ नये आणि रांगत्या बाळाचे हात खाण्यापूर्वी साबणाने धुवावेत.