चला मैत्रिणींनो, फ्रिस्बी शिकू या

बचत गटाच्या या कार्यक्रमात आज हप्ता, व्याज, कर्ज यातलं काही नाही. आज आम्ही तुम्हाला एक खेळ सांगणार आहोत. रेडिओवर खेळ कसा शिकायचा, असं वाटेल. पण घरातलं एखादं हलकं प्लास्टिकचं ताट किंवा मोठ्या डब्याचं झाकण हातात घ्या आणि ऐका, म्हणजे लगेच उमगेल.

खेळाचं नाव अल्टिमेट फ्रिस्बी. अमेरिकेत फ्रिस्बी नावाची एक बेकरी होती. तिच्या पत्र्याच्या ताटल्या पोरं एकमेकांकडे भिरकावायची, त्यावरून हे नाव आलं. पुढे प्लास्टिकची डिस्क बाजारात आली आणि 1968 मध्ये न्यू जर्सीतल्या एका शाळेतल्या मुलांनी तिचा सांघिक खेळ केला. आज मुंबई-पुण्यातही त्याचे संघ आहेत.

आमच्याकडे हा खेळ आला तो शहरात शिकणाऱ्या पोरांबरोबर. सुट्टीत ती डिस्क घेऊन आली, पण त्यांचा संघ होईना. मिश्र सामन्यात एका संघाचे सात खेळाडू असतात आणि त्यांत निदान तीन मुली लागतात. आमच्या मुलींनी सातवी-आठवीनंतर मैदान सोडलेलं. त्यांना पहिल्यांदाच कुणी खेळायला या म्हणून बोलावलं. एकटं पाठवायला घरचे तयार होईनात, म्हणून आम्ही गटातल्या बायका सोबत जाऊन शाळेच्या मैदानाच्या कडेला बसलो. पण नुसतं बसून किती वेळ राहणार? दुसऱ्या रविवारी पदर खोचून आम्हीही उभ्या राहिलो.

खेळ थोडक्यात असा. मोठं मैदान 100 मीटर लांब आणि 37 मीटर रुंद असतं. दोन्ही टोकांना 18 मीटरचा एकेक पट्टा. आपल्या माणसांकडे डिस्क फेकत फेकत समोरच्या पट्ट्यात झेलली की एक गुण. डिस्क हातात असताना पळायचं नाही. एक पाय जात्याच्या खुंट्यासारखा रोवून ठेवायचा आणि दुसऱ्या पायाने हवं तिकडे वळायचं. डिस्क खाली पडली किंवा समोरच्यांनी अडवली, की ती त्यांची. आम्ही अर्ध्या मैदानावर पाच-पाच जणी खेळतो, तरी चालतं.

आता फेक. पहिली फेक उलट्या हाताची, बॅकहँड. अंगठा डिस्कच्या वर, चारही बोटं खाली कडेच्या आत वळवलेली, जशी आपण ताट धरतो. उजव्या हाताने फेकणारीने उजवा खांदा समोर करायचा, डिस्क डाव्या बाजूला न्यायची आणि आडवी समोर आणून सोडायची. सोडताना मनगटाला झटका हवा. गिरकी आली तरच डिस्क हवेत स्थिर राहते. फिरता भोवरा उभा राहतो आणि थांबला की पडतो, तसंच हे. आमच्यातल्या बहुतेक जणी आधी सगळा जोर खांद्यातून लावायच्या. डिस्क लटपटत जायची आणि जवळच पडायची. जोर कमी आणि झटका जास्त, हे समजल्यावर ती सरळ जाऊ लागली.

दुसरी फेक सुलट्या हाताची, फोरहँड. अंगठा वर, पहिली दोन बोटं खाली कडेच्या आतल्या बाजूला टेकवलेली. कोपर अंगाजवळ ठेवून नुसतं मनगट झटकायचं. ही फेक उशिरा जमते, धीर सोडू नका. डिस्क उलटून पडत असेल, तर तिची बाहेरची कड जास्त वर जातेय असं समजा. सोडताना ती कड किंचित खाली ठेवा.

आपल्याकडे वाऱ्याचाही हिशोब धरावा लागतो. सुप्याच्या डोंगरावर पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. समोरून वारा असेल तर डिस्क वर उचलली जाते, मागून असेल तर लवकर खाली बसते. म्हणून समोरच्या वाऱ्यात फेक खालून आणि भरपूर गिरकी देऊन करायची. खेळायची डिस्क 175 ग्रॅमची असते. खेळण्यांच्या दुकानातली हलकी डिस्क वाऱ्याने भरकटते.

झेल मात्र आम्हाला लगेच जमला. एक तळवा वर, एक खाली आणि मधे डिस्क. भाकरी दोन हातांवर थापावी तसा. डिस्क छातीसमोर येऊ द्यायची आणि झेल पुरा होईपर्यंत नजर हटवायची नाही. खेळण्याआधी बांगड्या आणि अंगठी काढून ठेवा.

आता अडवणं. कबड्डीत आपण पकडतो. इथे अंगाला हात लावायचा नाही. डिस्क जिच्या हातात, तिच्यासमोर एकीने उभं राहायचं. दोघींमध्ये निदान एका डिस्कएवढी जागा हवी. गुडघे वाकवलेले, भार चवड्यांवर, हात पसरलेले आणि खाली. समोर उभी असलेली मोठ्याने एकेक सेकंदाने दहापर्यंत मोजते. दहा म्हणायला सुरुवात होईपर्यंत डिस्क सुटली नाही, तर ती समोरच्या संघाची.

दोन्ही बाजू अडवायला जाऊ नका. एकच बाजू बंद करा, दुसरी उघडी ठेवा. मग मागच्या मैत्रिणींना कळतं की फेक कुठून येणार, आणि त्या तिथे टपून राहतात.

बाकीच्या जणींनी आपापली एक खेळाडू सांभाळायची. तिच्या डोळ्यांकडे किंवा हातांकडे पाहू नका, त्यात फसवणूक असते. कमरेकडे पाहा. कंबर वळते तिकडेच माणूस पळतो. आणि उभं असं राहा की ती आणि डिस्क दोन्ही नजरेत येतील.

या खेळात पंच नसतो, अगदी मोठ्या स्पर्धांतही सहसा नसतो. चूक झाली तर खेळाडूंनीच सांगायची आणि बोलून मिटवायची. सुरुवातीला आमची यावरून बरीच भांडणं झाली. एकदा गुण मिळाला म्हणून आम्ही ओरडत होतो, तेवढ्यात आमच्याच मावशी म्हणाल्या, “नाही गं, माझा पाय रेषेवर होता.” गुण गेला. घरी जाताना एकीने कुरकुर केली, तर मावशी म्हणाल्या, “गटाच्या वहीत खोटं लिहितो का आपण?” त्यानंतर मुलीही आपली चूक आपण सांगू लागल्या.

सगळंच सुरळीत झालं असं नाही. कांदा काढणीच्या दिवसांत मैदान ओस पडलं, मग आम्ही वेळ सकाळी सहाची केली. दोन मुलींना घरून अजून परवानगी नाही. एकीची आई आमच्याच गटात आहे. तिला आम्ही आग्रह केला नाही, फक्त एका रविवारी सोबत बसायला बोलावलं. ती आली, बसली, काही बोलली नाही. पुढच्या रविवारी पुन्हा आली.

मैत्रिणींनो, तुमच्या गावातही मैदान असेल आणि आठवीनंतर ते सोडलेल्या मुली असतील. खेळायला लाज वाटत असेल, तर आधी नुसत्या कडेला जाऊन बसा. दोन बायका कडेला बसलेल्या असल्या, की मुलींना मैदानात उतरणं सोपं जातं. डिस्क नसेल तर ताटावर मनगटाचा झटका शिकून घ्या. पण ते ताट स्टीलचं नको बरं का.