कातरणांची वही

भारतीय संविधानाची मूळ हिंदी प्रत वसंत कृष्ण वैद्य यांनी पुण्याच्या हातकागद संशोधन केंद्रात बनलेल्या कागदावर सुलेखनात उतरवली, आणि ती आज दिल्लीत संसदेच्या ग्रंथालयात नायट्रोजन भरलेल्या पेटीत जपलेली आहे. हातकागदाचा याच्या उलट दिशेचा, म्हणजे दिल्लीहून दख्खनकडे झालेला, प्रवास अधिक जुना आहे. मुहम्मद तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी दिल्लीहून हलवली, तेव्हा आलेल्या कारागिरांकडून दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात हातकागदाचा धंदा रुजला, असे परंपरा सांगते.

हा कागद टिकतो तो कच्च्या मालामुळे. लाकडाचे तंतू एकत्र धरणारा लिग्निन हा घटक वर्तमानपत्राच्या कागदात उरतो आणि उजेड व हवा लागली की तो कागद पिवळा पाडतो. सुती चिंध्यांत मात्र लिग्निन जवळजवळ नसतो आणि तंतूही लांब असतात. नोएडा, गुरुग्राम व ओखला येथील तयार कपड्यांच्या कारखान्यांत बेतकामानंतर उरणारी सुती कातरणे म्हणूनच उत्तम कच्चा माल ठरतात. पॉलिएस्टरचा लगदा होत नसल्याने निवड काटेकोर करावी लागते, परंतु रंगानुसार कातरणे वेगळी ठेवल्यास रंग न घालताही रंगीत कागद मिळतो. लगदा जाळीच्या साच्यावर उचलून, निथळवून, दाबून वाळवतात. पुढे शाई पसरू नये म्हणून त्याला खळ देतात आणि पृष्ठभाग गुळगुळीत होण्यासाठी तो घोटतात.

वहीची आखणी घडीपासून सुरू होते. ए-४ आकाराचे चार ताव दुमडून एकात एक घातले, की आठ पानांचा, म्हणजे सोळा पृष्ठांचा, एक फर्मा होतो, आणि असे सहा फर्मे मिळून ९६ पृष्ठांची वही बनते. घडीवर टोचणीने पाच भोके पाडून मेण लावलेल्या सुती दोऱ्याने फर्मे एकमेकांना शिवले असता वही सपाट उघडते आणि सुटलेले पान पुन्हा शिवता येते. तारेची पिन पावसाळ्यात गंजते, तर प्लास्टिकचा थर दिलेले मुखपृष्ठ लगद्यात विरघळत नाही. उत्तरेकडील व्यापाऱ्यांच्या लाल कापडी बांधणीच्या शिवलेल्या बहीत, म्हणजे हिशेबाच्या वहीत, या दोन्ही अडचणींचे उत्तर पूर्वीच सापडलेले होते. पुठ्ठा वापरायचाच असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंना कागद चिकटवावा, कारण एकाच बाजूला खळ लागल्यास तो वाळताना वाकतो.

त्यामुळे ‘पर्यावरणस्नेही’ हा शिक्का पाहण्याऐवजी ग्राहकाने वहीचा एखादा फर्मा मधोमध उघडून पाहावा: घडीत दोरा दिसला आणि मुखपृष्ठावर प्लास्टिक नसले, तर ती वही दुरुस्तही होते आणि अखेरीस पुन्हा लगद्यातही जाऊ शकते.