गाण्याला नांवें ठेवण्याची विद्या

संगीत नाटक पाहून घरीं परतलेल्या मंडळींस ‘प्रयोग कसा झाला?’ असें विचारलें, तर दहांपैकीं नऊ मुखांतून एकच उत्तर येतें: ‘छान झाला.’ पदें कशीं झालीं? ‘गोड.’ आवाज कसा? तोही गोडच. बासुंदी आणि भीमपलास यांस एकाच विशेषणावर भागविणाऱ्या या काटकसरीचें आम्हांस नवल वाटतें. हीच मंडळी पुरणपोळीविषयीं बोलूं लागलीं कीं पुरण सैल झालें, पारी जाड राहिली, वेलदोडा कमी पडला, असें नेमकें सांगतात. पण तीन तास ऐकलेल्या गायनाविषयीं त्यांस दुसरा शब्द सुचत नाहीं. ही अडचण केवळ बोलण्यापुरती असती तर आम्हीं ती सोडून दिली असती. परंतु ज्यास नांव नाहीं तें कानावरून निघून जातें, असा आमचा अध्यापनांतील अनुभव आहे. वृत्तांचीं नांवें पाठ होईपर्यंत विद्यार्थ्यांस सगळे श्लोक एकाच चालीचे वाटत.

वस्तुतः मराठींत या शब्दांचा दुष्काळ नाहीं. ‘आवाज’ आणि ‘गळा’ हे दोन शब्दच घ्या. आवाज लागतो, बसतो, फाटतो. तो भरदार, पातळ, घोगरा, किनरा किंवा पल्लेदार असतो. गळा मात्र फिरतो, आणि फिरत नसेल तर त्यास जड म्हणतात. म्हणजे आवाज ही देणगी आणि गळा ही बहुतांशीं कमाई होय. आवाज बेताचा असून गळा तयार असलेल्या गवयास नुसतें ‘गोड गातो’ म्हणणें म्हणजे त्याची सारी मेहनत हिशेबांत न धरणें होय. तीच गोष्ट ‘बेसूर’ आणि ‘कणसूर’ यांची. बेसूर गाणारा स्वराचें घरच चुकतो, आणि तें लहान मुलासही कळतें. कणसूर गाणारा घर बरोबर ओळखतो, पण उंबरठ्यावरच घोटाळतो. हा भेद ज्याच्या जिभेवर आहे त्याच्याच कानांत तो टिकतो.

दोषांच्या बाबतींत तर आमच्या पूर्वजांनीं कमालच करून ठेविली आहे. १३ व्या शतकांत देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवानें ‘संगीतरत्नाकरां’त गायकाचे २५ दोष नांवनिशीवार दिले आहेत. दांत आवळून गाणारा तो संदष्ट, कावळ्यासारखा कर्कश तो काकी, मान वांकडी करणारा वक्री, भोपळ्यासारखा गळा फुगविणारा तुंबकी, आणि उंटाप्रमाणें मान उंच करून गाणारा करभ! यांतील कित्येक दोष ऐकण्याचे नसून पाहण्याचे आहेत, हें वाचकांच्या लक्षांत आलेंच असेल. डोळे मिटून गाणारा ‘निमीलक’ देखील याच यादींत आहे. हल्लीं त्यालाच तल्लीनता म्हणतात, म्हणून त्याविषयीं आम्ही अधिक बोलत नाहीं. त्याच ग्रंथांत गायकांचे पांच प्रकार सांगितले असून त्यांपैकीं एक ‘अनुकार’, म्हणजे दुसऱ्याच्या गायकीची हुबेहूब नक्कल उठविणारा. १९६७ सालीं बालगंधर्व निवर्तले. तेव्हांपासून त्यांच्यासारखें गाणाऱ्यांची जी परंपरा चालली आहे, तिला हा शब्द किती नेमका बसतो! यांत निंदा नाहीं. अनुकार हाही एक दर्जाच आहे.

आतां नाटकाकडे वळूं. शार्ङ्गदेवाच्या व्याख्येप्रमाणें गीत, वाद्य व नृत्य हीं तिन्ही मिळून संगीत. आमच्या रंगभूमीनें त्यांतील नृत्य बहुतेक वगळलें आणि ‘संगीत’ हा शब्द नाटकाच्या नांवामागें विशेषणासारखा लाविला. १८८० सालीं अण्णासाहेब किर्लोस्करांचें ‘संगीत शाकुंतल’ पुण्यास रंगभूमीवर आलें, १८८२ सालीं ‘संगीत सौभद्र’. त्या नाटकांत साक्या, दिंड्या, अंजनीगीतें हीं संभाषणाच्या ओघांतच येतात. दिंडीचा चरण १९ मात्रांचा. चार चरण म्हटले, कीं पात्र पुढील वाक्यास मोकळें. पुढें १९११ सालीं ‘मानापमाना’स गोविंदराव टेंब्यांच्या आणि १९१६ सालीं ‘स्वयंवरा’स भास्करबुवा बखल्यांच्या चाली मिळाल्या, आणि पद हें स्वतंत्र बैठकीच्या योग्यतेस पोहोंचलें. त्यासवें ‘वन्समोअर’ हा शब्दही मातला. पद पुन्हां, मग तिसऱ्यांदा. आणि कथानक बिचारें विंगेंत उभें!

नाटकांच्या छापील पुस्तकांत पदाच्या मस्तकीं राग, ताल आणि मूळ चाल दिलेली असे. माहिती चोख, परंतु तें पद त्या ठिकाणीं कोणतें काम करतें, हें सांगणारा शब्द तेथें नसे. भरतमुनींजवळ तो होता, एक नव्हे, पांच. नाट्यांतील गीतांस त्यांनीं ‘ध्रुवा’ म्हटलें. पात्र येतांना प्रावेशिकी, जातांना नैष्क्रामिकी; चालू रस मोडून दुसरा आणणारी आक्षेपिकी; त्या खळबळीनंतर प्रेक्षकांचें चित्त प्रसन्न करणारी प्रासादिकी; आणि मधली खिंड भरून काढणारी आंतरा. नटाचीं वस्त्रें आवरण्याची वेळ आली तरी आंतरा उपयोगी पडते, असें मुनींनीं मोकळेपणें सांगितलें आहे. हीं गीतें बहुधा गायकवृंद गाई आणि आमच्याकडे पात्र स्वतः गातें, हा फरक खरा. तथापि कसोटी तीच लागू पडते. ‘सौभद्रां’त नारद गातच येतो, ती उघड प्रावेशिकी. देवलांच्या ‘शारदे’ंत (१८९९) वृद्ध वराच्या कल्पनेनें भ्यालेली मुलगी गाते, तेव्हां आसपासचा सगळा विनोद क्षणांत करपून जातो, ती आक्षेपिकी. बैठकींत तेंच पद सुटें गाइलें तर राग राहतो, पण करपलेला विनोद कोठून आणावा?

हा प्रश्न केवळ शास्त्रार्थाचा नाहीं. रात्रभर चालणारीं तीं नाटकें आतां तीन तासांत बसवावीं लागतात, आणि कात्री चालूं लागली कीं बहुधा पहिल्यानें साक्या-दिंड्या जातात व टाळ्यांचीं पदें राहतात. कात्रीस आमची हरकत नाहीं. पहांटेपर्यंत बसण्याचें वय आमचेंही राहिलें नाहीं. पण जें गीत पात्रास पुढें नेतें तें कापावयाचें आणि जें त्यास जागच्या जागीं उभें करतें तें राखावयाचें, हा न्याय उलटा आहे. ‘सौभद्रा’चा प्रयोग गांवांत लागणार असेल, तर घरांतील मुलामुलींस आधीं पुस्तक वाचावयास द्यावें, प्रत्येक पदाशेजारीं या पांचांपैकीं एक नांव पेन्सिलीनें लिहावयास सांगावें, आणि प्रयोगांत कोणतीं पदें गाळलीं त्यांवर खूण करवून घ्यावी. ज्यांस पांचांपैकीं कोणतेंच नांव लागूं पडत नाहीं अशीं पदेंही निघतील. त्यांवरून जेवणाच्या पंक्तींत वाद माजला तर वडीलधाऱ्यांनीं तो अवश्य चालूं द्यावा.